दिवसभर तिन्हीसांज

ताई, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याला नॉर्वेत, ट्रोम्सोच्या विद्यापीठात तीन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं, म्हणून ऑगस्टअखेरीस आम्ही इथे आलो. मुलगा सहा वर्षांचा आहे, इथे पहिलीत जातो. आलो तेव्हा रात्री नऊलाही उजेड असायचा. आता दिवाळी होऊन गेली आणि संध्याकाळ रोज आधीच्या दिवसापेक्षा लवकर अंगावर येते. शेजारीण म्हणाली, २१ नोव्हेंबरनंतर दोन महिने सूर्य दिसणार नाही. तेव्हापासून छाती दडपल्यासारखी झाली आहे. रात्री तीनला टक्क जाग येते. मग आईला फोन लावते, तिची सकाळ झालेली असते. दुपारी मात्र डोळे मिटतात, दोन-दोन तास झोपते. सारखं गोड खावंसं वाटतं. मुलगा विचारतो, “सूर्य मेला का?” आई म्हणते, लेकराला घेऊन सरळ दोन महिने निघून ये. नवरा म्हणतो, सवय होईल. कुणाचं ऐकू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल, पण मोठ्या बहिणीसारखं सांगा.

– अंधाराला घाबरलेली, ट्रोम्सो

अगं, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्याचीच वाट बघत असशील. दोन महिन्यांसाठी निघून येऊ नकोस. आठ-दहा दिवस यायचं असेल तर खुशाल ये, त्याबद्दल पुढे लिहिते. पण सगळा अंधार साताऱ्यात काढून जानेवारीअखेरीस परत गेलीस, तर पुढच्या वर्षी हीच भीती दुपटीने समोर उभी राहील. आणि मुलाच्या मनात पक्कं बसेल की आई ज्याला घाबरून निघून गेली, ते काहीतरी भयंकरच असणार.

हे आज पुण्यात बसून सांगत असले तरी ट्रोम्सोत मी अकरा हिवाळे काढले आहेत. तिथल्या एका बालवाडीत, ज्याला ते लोक बार्नेहागे म्हणतात, मी मदतनीस होते. त्या अकरांपैकी पहिला हिवाळा मी अगदी वाया घालवला. कसा ते सांगते, कारण तुझ्या पत्रात मला तोच दिसतो आहे.

तेव्हा मला नोकरी नव्हती. नवरा सकाळी काळोखात जायचा आणि संध्याकाळी काळोखात यायचा. बाहेर काळोखच आहे तर पडदे उघडायचे कशाला, म्हणून मी ते उघडतच नसे. दिवा लावून स्वयंपाक करायचा, जेवायचं आणि पांघरूण ओढून पडायचं. असे वीस-बावीस दिवस गेले. डिसेंबरात एकदा दूध संपलं म्हणून सव्वाअकराच्या सुमाराला जाकीट चढवून बाहेर पडले आणि दारातच थबकले. दक्षिणेकडे डोंगरामागे आभाळ केशरी झालं होतं. वर जाता जाता ते पिवळसर, मग हिरवट, मग निळं होत गेलेलं. पाठीमागे उत्तरेला एक फिकट गुलाबी पट्टा. आणि रस्त्यावरचा, छपरांवरचा, कुंपणावरचा सगळा बर्फ निळा. समोरच्या घराच्या दारावरची पाटी वाचता येत होती. वीस दिवस हे रोज घडत होतं आणि मी पडद्याआड दिवा लावून बसले होते. मला तिथे पायरीवरच रडू आलं.

तिथले लोक या दिवसांना मोर्केतीड म्हणतात, म्हणजे अंधाराचा काळ. तो शब्द ऐकूनच आपण निम्मे खचतो. माझ्या मते आपल्या मराठीत त्याला जास्त नेमका शब्द आहे, तिन्हीसांज. ट्रोम्सोतला डिसेंबर म्हणजे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी दोनला संपणारी एक लांबलचक तिन्हीसांज.

हिशेब साधा आहे. २१ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात काळ्या दिवशी, भर दुपारी ट्रोम्सोत सूर्य क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश खाली असतो. हात समोर लांब कर आणि दोन बोटं आडवी धर. तो क्षितिजाखाली असतो तेवढाच. सहा अंश खाली जाईपर्यंत बाहेर दिव्याशिवाय वावरता येतं, म्हणून त्या दिवशीही साधारण साडेनऊपासून दोनपर्यंत, चार तासांहून थोडा जास्त वेळ, आभाळात उजेड असतो. ढग आले की तो मंदावतो, आणि ट्रोम्सोत ढग पुष्कळ असतात, हे लपवत नाही. पण मंद उजेड म्हणजे मिट्ट काळोख नव्हे. मिट्ट काळोख बघायचा तर आणखी उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनला जावं लागतं. ७८ अंश उत्तर अक्षांशावरच्या त्या गावात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत भर दुपारीही दिव्यावाचून चालत नाही. तिथेही शाळा आहे, दुकानं आहेत, पोरं घसरगाड्या ओढत फिरतात. ८ मार्चला सूर्य गावात पोहोचतो, तेव्हा सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमतं, कारण पहिलं ऊन त्या पायऱ्यांवर पडतं.

तुझ्या शेजारणीने सांगितलेली तारीखही समजून घे. गणिताप्रमाणे ट्रोम्सोत सूर्य २७ नोव्हेंबरच्या सुमाराला मावळतो तो १५ जानेवारीच्या सुमाराला उगवतो. पण दक्षिणेला डोंगर आडवे आहेत, म्हणून गावातून तो २१ नोव्हेंबर ते २१ जानेवारी दिसत नाही. म्हणजे तुझ्या दोन महिन्यांतले दहा-बारा दिवस तरी सूर्य डोंगरामागे असतोच, फक्त तुला दिसत नाही. केबलकारने समोरच्या स्तूरस्टाइनेनवर, चारशे मीटरहून थोडं वर गेलीस, तर नजर डोंगरांपलीकडे पोहोचते.

यावरून लोकमान्य टिळक आठवतात. ऋग्वेदातल्या उषेच्या ऋचांमध्ये पहाट इतके दिवस का चालते, असा प्रश्न घेऊन त्यांनी १९०३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असावं असं मांडलं. आज इतिहासाचे अभ्यासक तो सिद्धांत मानत नाहीत, आणि मलाही तो पटवून द्यायचा नाही. पण सिंहगडाच्या परिसरातल्या माणसाने क्षितिजाच्या कडेकडेने सरकत राहणारी पहाट गणिताने मनासमोर उभी केली, याचं मला बाराच्या सुमाराला ट्रोम्सोतल्या प्रेस्तव्हान्ने तळ्याच्या काठावर उभं राहून नेहमी अप्रूप वाटायचं. ‘देवांचा एक दिवस म्हणजे माणसाचं एक वर्ष’ हे लहानपणी आजीकडून ऐकलं होतं. तू आता त्या दिवसाच्या अगदी जवळ राहते आहेस.

आता तुझ्या झोपेकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे.

पहाटे तीनला जाग येते असं तू लिहिलंस. ट्रोम्सोत तीन वाजतात तेव्हा साताऱ्यात साडेसात झालेले असतात. दूधवाला येऊन गेलेला असतो, आईने चहा ठेवलेला असतो. तू फोन उघडतेस, तोंडावर पडद्याचा उजेड घेतेस, आईच्या अंगणातलं ऊन बघतेस. तुझं शरीर त्यावरून ठरवतं की सकाळ झाली. मग दुपारी दोनला, म्हणजे साताऱ्याच्या दिवेलागणीला, तुला पेंग येते. तू ट्रोम्सोत राहतेस, पण तुझं घड्याळ अजून साताऱ्याचं आहे. एरवी परदेशी गेलेल्या माणसाचं हे घड्याळ आठवड्याभरात सकाळचं ऊनच जुळवून देतं. तुझ्याकडे ते ऊन रोज दहाएक मिनिटांनी आटत चाललं आहे, त्यामुळे जुळवायला कुणी उरलं नाही.

हे घड्याळ खरोखरीचं आहे, अलंकाराने म्हणत नाही. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीक पुंजका आहे. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी असतात की त्यांचं काम चित्र बघण्याचं नसून किती उजेड आहे तेवढं त्या पुंजक्याला कळवण्याचं असतं. उजेड आला की झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, थांबतं. अंधारात ते पाझरत राहतं. साताऱ्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा तेराच्या जरा वर. दोन तासांचा फरक. तुझ्या पणजीपासून कुणाच्याही शरीराला याहून मोठा फरक सोसावा लागलेला नाही. म्हणून तुला जे होतं आहे तो मनाचा कमकुवतपणा नाही, हे आधी नवऱ्याला ऐकव. ‘सवय होईल’ हे त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सवय आपोआप होत नाही, ती लावून घ्यावी लागते.

कशी, तर एक म्हणजे पहाटे तीनचा फोन बंद. जाग आली तर पडून राहा, वाटल्यास मंद दिव्यात बस, पण फोनला हात लावू नकोस. दुसरं म्हणजे उठायची वेळ ठरव. मुलाची शाळा आहे, तेव्हा साडेसहा धर, आणि शनिवार-रविवारीही तीच ठेव. उठल्यावर तासाभरात प्रकाशदिव्यासमोर बस. हे दिवे दुकानांत मिळतात. घेताना १०,००० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असं लिहिलेलं आणि अतिनील किरण गाळणारा बघून घे. पोहे परतून झाले की तो टेबलावर हातभर अंतरावर ठेवायचा आणि अर्धा तास त्याच्या उजेडात खायचं, वाचायचं, मुलाची वेणीफणी म्हणजे त्याची टोपी-मोजे शोधायचे. थेट दिव्यात टक लावून बघायचं नाही. मात्र डोळ्यांचा काही आजार असेल किंवा घरात कुणाला मन एकदम चढण्या-उतरण्याचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नकोस. संध्याकाळी हा दिवा अजिबात लावायचा नाही, नाहीतर झोप आणखी पुढे जाईल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. दुपारचा तो निळा उजेड कितीही सुंदर असला तरी मोजायला गेलं तर फार भरत नाही. भर उन्हात साताऱ्याच्या रस्त्यावर पन्नास हजार लक्सच्या वर प्रकाश असतो. डिसेंबरातल्या ट्रोम्सोत दुपारी बारालाही तो चांगल्या दिवा लावलेल्या खोलीपेक्षा कमीच भरतो. म्हणून घड्याळाला किल्ली द्यायचं काम सकाळच्या दिव्याचंच. मग बाहेर कशासाठी जायचं? दिवसाला मध्य आहे हे शरीराला आणि मनाला कळावं म्हणून. घरात बसलं की सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच बल्बखाली जातं, आणि माणूस त्यानेच खचतो. अकरा ते एक या वेळात रोज बाहेर पड. दुसरी सगळी कामं मागे पडली तरी चालतील.

प्रेस्तव्हान्ने तळं गाव वसलेल्या बेटाच्या माथ्यावर आहे, तिथून सुरुवात कर. आमच्या बालवाडीतली पोरं तिथे यायची. अंगात जाड एकसंध कपडे, वर चकाकत्या पट्ट्यांची पिवळी जाकिटं, कमरेखाली घसरायची प्लॅस्टिकची पाटी. तीन-तीन वर्षांची मुलं त्या निळ्या उजेडात बर्फात तोंड खुपसून हसायची. सगळ्यात तान्ही बाळं तर दुपारची झोप बाहेर, बाबागाडीतच घ्यायची, लोकरीत गुंडाळून. पहिल्या आठवड्यात माझा जीव खालीवर व्हायचा. महिन्याभरात मीच त्यांच्या गाड्या बाहेर नेऊन ठेवायला लागले. त्या मुलांना कुणी सांगितलेलंच नव्हतं की हा उदास ऋतू आहे.

केरी लीबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ २०१४-१५ मध्ये ट्रोम्सोत येऊन राहिल्या होत्या. हिवाळ्याकडे लोक कसं बघतात, याची त्यांनी प्रश्नावली केली. अपेक्षेच्या उलट असं दिसलं की दक्षिणेकडच्या ऑस्लोपेक्षा ट्रोम्सोत आणि ट्रोम्सोपेक्षा स्वालबार्डवर लोकांची हिवाळ्याबद्दलची वृत्ती जास्त उजळ होती. ट्रोम्सोच्या लोकांची पाहणी करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासातही हिवाळ्यात झोपेच्या तक्रारी वाढलेल्या आढळल्या, पण मनाचा त्रास तसा वाढलेला आढळला नाही. म्हणजे झोप बिघडणं हे तिथे जन्मलेल्यांनाही चुकत नाही. त्यावरून ‘मला वेड लागतंय’ इथपर्यंत जायचं कारण नाही.

नोव्हेंबर मात्र खरोखर अवघड. डिसेंबरपेक्षा सूर्य वर असूनही मला तोच जड जायचा, कारण बऱ्याचदा बर्फ टिकलेला नसतो. पाऊस, काळा रस्ता, काळा समुद्र, आणि उजेड पडला तरी तो परत उसळवायला पांढरं काही नाही. पहिला बर्फ बसला की घरातली दिव्याची वात कुणीतरी वर केल्यासारखं होतं. आणि मार्गशीर्षातला चंद्र बघ. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तसा हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र तिथे खूप उंच असतो. दत्तजयंतीच्या आसपास कधी कधी तो दिवसेंदिवस मावळतच नाही, आभाळात गोल फिरत राहतो. एका दत्तजयंतीला आम्ही सुंठवडा घेऊन रात्री तळ्यावर गेलो होतो. बर्फावर आमच्या सावल्या पडल्या होत्या, कडा स्पष्ट दिसाव्यात इतक्या.

घरात दिवाळीचा आकाशकंदील अजून लागलेला असेल तर उतरवू नकोस. नोव्हेंबरअखेरीस, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, तिथल्या जवळजवळ प्रत्येक खिडकीत कागदी तारा किंवा सात दिव्यांची समई लागते. पडदे उघडे ठेवतात, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही उजेड मिळतो. तुझा आकाशकंदील त्या रांगेत शोभेल. आमच्या कंदिलामुळेच समोरच्या आजींशी माझी पहिली ओळख झाली. एरवी ते लोक आपणहून बोलायला येत नाहीत, पण दारात कंदील बघून त्या थांबल्या आणि कागद कुठे मिळाला, असं विचारलं.

बुटांना अडकवायचे लोखंडी काटे, ब्रोद्देर, आजच घे. मी पहिल्या वर्षी घेतले नाहीत आणि घराच्या दारापाशीच घसरून मनगट मोडून घेतलं. त्यामुळे आणखी सहा आठवडे घरात. दंडाला लटकवायची चकाकती पट्टी मुलालाही हवी आणि तुलाही, नाहीतर गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. थंडीची फार भीती बाळगू नकोस. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं.

आता शरीराबद्दल. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिथे उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला ते बनवायला जास्तच ऊन लागतं. तिथले लोक नावात ‘र’ असलेल्या महिन्यांत कॉड माशाचं तेल घेतात. मांसाहार करत नसशील तर औषधाच्या दुकानात गोळ्या मिळतात. मोठ्यांसाठी रोज १० मायक्रोग्रॅम हा तिथला सर्वसाधारण सल्ला आहे. फक्त हे हाडांसाठी आणि तब्येतीसाठी. गोळी घेतली की उदासी जाईल असं समजू नकोस. तुझ्या डॉक्टरांकडे, फास्टलेगेकडे, वेळ घे आणि ड जीवनसत्त्वाबरोबर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉईडही तपासायला सांग. आपल्या कितीतरी बायकांचा थकवा तिथे दडलेला असतो, आणि दोष अंधाराला जातो.

आणि एक गोष्ट अगदी गांभीर्याने ऐक. जास्त झोप, गोडाची ओढ, कशातच मन न लागणं, दरवर्षी ठरावीक ऋतूत येणं, हे हिवाळी नैराश्य नावाच्या आजाराचं चित्र आहे. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ते पहिल्यांदा नीट मांडलं. रोझेन्थाल दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातून न्यूयॉर्कला आले होते आणि हिवाळ्यात स्वतःचीच उमेद कशी ओसरते, हे त्यांनी अनुभवलं होतं. तुला तो आजार आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून तसं कुणीही म्हणू नये. पण सलग दोन आठवडे मन उठतच नसेल, मुलाकडे बघवत नसेल, जेवण तुटलं असेल, तर माझ्या पत्राची वाट न बघता फास्टलेगेला सांग. जगणंच नको असा विचार आला तर त्याच क्षणी नवऱ्याला उठव आणि ११६११७ या नंबरावर फोन कर. तो तातडीच्या वैद्यकीय मदतीचा आहे. या आजारावर उपाय आहेत. दिवा आहे, बोलून करायचे उपचार आहेत, औषधं आहेत.

आता येण्या-जाण्याचं. नॉर्वेत पहिलीतल्या मुलालाही शाळा दोन आठवड्यांपेक्षा जास्त रजा सहसा देत नाही, तेव्हा आईचा बेत तिथेच अडतो. नाताळच्या सुट्टीला जोडून आठ-दहा दिवस ये, आईच्या हातचं खा, उन्हात बस. तिथले लोकही हिवाळ्यात दक्षिणेला ऊन खायला जातातच, त्यात पळपुटेपणा कुणी मानत नाही. पण संक्रांतीच्या आत परत जा. १५ जानेवारीच्या आसपास तिथलं गणिती सूर्योदयाचं पान उलटतं, म्हणजे तू तिळगूळ वाटत असशील तेव्हाच सूर्य क्षितिजावर येत असेल. आणि २१ला शक्य तर नवऱ्याला सुट्टी घ्यायला लाव. त्या दिवसाला ते सूर्याचा दिवस म्हणतात. बेकऱ्यांमधून सूलबोलर, गोल गोड पाव, विकत घ्यायला लोक जातात. बेटाच्या दक्षिण टोकाला टेलिग्राफबुक्ताला जा. सूर्य दिसतो तो काही मिनिटांपुरता, डोंगराच्या खाचेत एक ठिणगी, आणि ढग असले तर तेवढाही नाही. आमच्या पहिल्या वर्षी ढग होते. चौथ्या दिवशी दिसला. मी स्वयंपाकघरात होते, भिंतीवर बोटभर कवडसा पडला आणि मी चमचा खाली ठेवून त्यावर हात ठेवला. तो गरम नव्हता. तरी मी हात काढला नाही.

त्यानंतर उजेड ज्या वेगाने गेला त्याच वेगाने परत येतो. फेब्रुवारीअखेर दिवस नऊ तासांवर पोहोचतो. २० मेच्या सुमाराला सूर्य मावळायचा थांबतो तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. तेव्हा मुलगा रात्री अकराला सायकल मागेल आणि तुला त्याला झोपवता येणार नाही. एप्रिलमध्येच जाड काळे पडदे शिवून घे. बऱ्याच जणांना अंधारापेक्षा तो अखंड उजेडच जास्त सोसत नाही.

राहिले तुझा मुलगा आणि तुझी आई. दोघांचं काम एकत्र होईल.

मुलाला एक संत्रं घेऊन दाखव. आरपार विणायची सुई घाल, सुई तिरपी धर, आणि खोलीतला एकच दिवा चालू ठेव. वरच्या टोकाजवळ शाईचा ठिपका, तो ट्रोम्सो. मधल्या भागाच्या जरा वर दुसरा, तो सातारा. सुई दिव्यापासून पलीकडे कललेली असताना संत्रं फिरवलंस की साताऱ्यावर उजेड येतो-जातो आणि ट्रोम्सो अंधारातच फिरत राहतो. आता सुईचा कल तसाच ठेवून संत्रं घेऊन दिव्याच्या पलीकडे जा. ट्रोम्सो उजेडातून बाहेरच येणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं, मी बालवाडीत पाच वर्षांच्या मुलांना कळलेलं बघितलं आहे. मग शनिवारी साडेअकराला त्याला बाहेर घेऊन जा आणि आजीला व्हिडिओ कॉल लाव. साताऱ्यात चार वाजलेले असतील. आजीला सांग, फोन सूर्याकडे फिरव. सूर्य मेलेला नाही, तो आजीकडे आहे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. आणि तू तुझा फोन आभाळाकडे फिरव. आई ज्या काळोखातून तुला सोडवायला निघाली आहे तो कसा दिसतो, हे तिलाही दिसेल.

रोजच्या फोनची वेळ मात्र दुपारी दोन ठेव, मुलाला शाळेतून आणलंस की. २१ डिसेंबरच्या आसपास ट्रोम्सोतला उजेड जवळजवळ दोनला विझतो. तेव्हा साताऱ्यात साडेसहा वाजायला आलेले असतात, सूर्य नुकताच मावळलेला असतो आणि तुझी आई देवापाशी दिवा लावत असते. हिवाळ्यात घड्याळाने तुमच्यात साडेचार तासांचं अंतर आहे, पण त्या दिवसांत तुमची दिवेलागण एकाच वेळी होते. तिन्हीसांजेला झोपू नये असं तिने तुला लहानपणी शंभरदा सांगितलं असेल. तुझी दुपारची पेंग नेमकी त्याच वेळेला येते आहे. तेव्हा झोपू नकोस. निरांजन लाव, मुलाला मांडीवर घे आणि फोन लाव. शुभंकरोती तिघं मिळून म्हणा.